दिवट्यांचा दाखला

रेकॉर्डकीपर निवृत्त झाला आणि तिसऱ्याच महिन्यात त्याने जेवता जेवता स्वतःच्या म्हाताऱ्या वडिलांना खोटं पाडलं. गरज होती का? काडीची नव्हती. पण जुन्या नोंदी तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला समोर आलेलं काहीही न तपासता गिळवत नाही.

घराण्याचं आडनाव दिवटे. दिवटी म्हणजे हातात धरायची मशाल, आणि ती धरून पुढे चालायचा तो दिवटे. आपले पूर्वज राजाच्या स्वारीपुढे चालायचे, असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षीही ते हे ताठ मानेने सांगत. नुसतं सांगून थांबत नसत. इमारतीच्या जिन्याला खिडकी नव्हती आणि तिथला दिवा आठवड्यातून दोनदा तरी जाई. तो गेला की अण्णा बॅटरी घेऊन खाली उतरत आणि येईल त्याला वर पोचवत. डॉक्टर असो, पोस्टमन असो, पुढे अण्णा. "पायरी सांभाळा," असं ते अशा काही रुबाबात म्हणत की मागून येणाऱ्या पोस्टमनलाही आपण कोणीतरी बडी असामी आहोत असं वाटे.

आता हे छान चाललं होतं की नाही? पण चिरंजीवांना आडनावाचा उगम शोधायचा होता. फोनच्या जुन्या यादीतून त्याने एकोणतीस दिवटे हुडकले आणि सगळ्यांना पत्रं धाडली. उत्तरं आली ती एकाला एक जुळेनात. कोणाचे पूर्वज बंदरावर होड्यांना उजेड दाखवायचे, कोणाचे पहारेकऱ्यांबरोबर गस्तीला जायचे. एका बाईंनी कळवलं, सासरचे पूर्वी काय करत ते ठाऊक नाही, हल्ली घरातला बल्बसुद्धा त्याच बदलतात. एका वकिलाने लिहिलं की शाळेत मास्तर त्याच्या आडनावाला 'चिरंजीव' जोडून हाक मारत, त्यानंतर त्याला अर्थ शोधायची हौस उरली नाही.

शेवटी हा आपल्या जुन्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसला आणि चौथ्या दिवशी त्याला तबेल्याची एक हजेरी सापडली. दिवटे, असामी चार. काम, तबेल्यातल्या दिव्यांना तेल घालणे व काजळी पुसणे. घरी येऊन त्याने ते पान क्रमांकासकट वाचून दाखवलं.

"म्हणजे राजाच्या पुढे नाही?" अण्णांनी विचारलं.

"पुढे-बिढे काही नाही अण्णा. तबेल्यातच."

अण्णा "असं होय" म्हणाले, ताट संपवलं आणि हात धुवायला उठले. एका आडनावाची दहा घराणी असतात, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे रेकॉर्डकीपरला सुचलं खरं, पण अण्णा खोलीत जाऊन आडवे झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी जिन्यातला दिवा गेला. अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. बॅटरी त्यांनी सुनेच्या हातात दिली आणि कपाटात ठेवून दे म्हणाले. त्या आठवड्यात पोस्टमनचा गुडघा फुटला. अण्णांचं बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. रेकॉर्डकीपरने त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं, तर ते नुसती मान डोलवत. बायकोने नवऱ्याला एकच विचारलं, पान क्रमांक पक्का आहे ना, मग झालं तर. त्याला त्या दिवशी घास गेला नाही.

मग त्याने जे केलं ते सांगताना मलाच कसंतरी होतं. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या वहीचं कोरं पान त्याने फाडलं, कोऱ्या चहात बुडवून वाळवलं आणि बोरूने जुन्या वळणात लिहिलं की दिवटे यांनी महाराजांच्या स्वारीपुढे उजव्या हातास चालावे. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून त्यानेच ते वाचून दाखवलं. अण्णांनी तीनदा वाचून घेतलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं! अण्णांनी कागद अख्ख्या इमारतीला दाखवला. त्यांना तो काच लावून भिंतीवर हवा होता. कोणीतरी जाणकार निरखून बघेल या धास्तीने रेकॉर्डकीपर म्हणाला, उजेडाने जुना कागद खराब होतो. अण्णांना ते पटलं. इतकं पटलं की कागद घरात ठेवणंच त्यांना धोक्याचं वाटायला लागलं. तो रेकॉर्डरूमलाच द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. मुलाने गुडघेदुखी काढली, सुट्टी आहे म्हणून सांगितलं, पण अण्णा धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले.

नव्या रेकॉर्डकीपर बाई याच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी कौतुकाने कागद घेतला, भिंग लावलं आणि खालच्या कोपऱ्याशी येऊन थांबल्या. त्यानेही वाकून पाहिलं. त्याच शाईत, त्याच बोरूने, कोपऱ्यात बरोबरची खूण होती, 'तपासले' असा शेरा होता आणि शेजारी त्याची स्वतःची सही. इतक्या वर्षांत एकही कागद त्याच्या टेबलावरून शेऱ्याशिवाय उठला नव्हता. हाही उठला नव्हता.

"काय लिहिलंय खाली?" अण्णांनी विचारलं.

बाई अडखळल्या. "तपासले, असं लिहिलंय. सही सरांची आहे."

"मग अडलंय कुठे?" अण्णा म्हणाले. "त्याने तपासलंय म्हणजे खरंच असणार. तबेल्याचंही त्यानेच तपासलं होतं ना. म्हणून तर मी उलट एक शब्द विचारला नाही त्याला."

बाईंनी नोंदवही पुढे ओढली आणि नोंद करू का म्हणून सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली. अण्णांनी त्याची पाठ थोपटली, आणि त्याला वाटलं, त्यापेक्षा चारचौघांत दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.