तुळजाक्काची घसातपासणी

तुळजाक्काला मुलांचे चेहरे लक्षात राहत नसत, घसे राहत. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत एखादं पोर समोरून आलं, की ती त्याचं नाव विचारायची नाही. हनुवटी धरून म्हणायची, "आ कर." पोराने आ केला की लगेच, "हां, तू शेषगिरीचा धाकटा. डावा टॉन्सिल मोठा." पोर सुटून पळायचं. आम्हा पालकांची सुटका इतकी स्वस्तात होत नसे.

ती एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. मुलांच्या घशातून कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना मेंढीचं रक्त मिसळलेल्या जेलीवर फासायचा, उबेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोण उगवलंय ते बघायचं, हे तिचं काम. वय पंचेचाळिशीचं, लग्न केलेलं नाही, राहायला आमच्या शेजारी भावाकडे. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन स्थायिक झालेलं, त्यामुळे मराठीत निम्मं कानडी. मी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो होतो. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं. माझं बाकी सगळं ऐकून तिला.

आल्यावर पहिल्याच थंडीत आमची सात वर्षांची मंदा घसा दुखतो म्हणून रडू लागली. मी तत्परतेने तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन आणलं. फाटकातच तुळजाक्का उभी.

"नाक काय म्हणतंय?"

"गळतंय."

"खोकला?"

"आहे. आवाजही बसलाय."

"आणि सुई टोचून आणलीत! अय्यो, इंजिनियर! हा व्हायरस. पेनिसिलिन त्याला काही करत नाही. तुम्हाला मी सांगितलेलं कळत नाही ना, तसं त्याला पेनिसिलिन कळत नाही."

चार दिवसांनी मंदा बरी झाली. मी श्रेय इंजेक्शनला दिलं. "सुई अंगणातल्या कडुलिंबाला टोचली असती, तरी पोरगी चार दिवसांनी बरीच झाली असती," तुळजाक्का म्हणाली. मग तिने माझ्या बायकोकडे मोर्चा वळवला. कुसुमने चिंचा-बोरं बंद केली होती. "त्या चिंचेवर किती आळ घ्याल? शाळेत शेजारचं पोर तोंडावर खोकलं, त्याचं हे. चिंच बिचारी झाडावर होती."

या बाईला एकदा तरी गप्प करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

संधी उन्हाळ्यात आली. मंदाला एकाएकी ताप भरला, घसा दुखू लागला, थुंकी गिळवेना. मी आता जाणकार होतो. पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने कुसुमला सांगितलं, "व्हायरस आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. चार दिवसांत जाईल. डॉक्टर वगैरे काही नको."

तुळजाक्का पिठाच्या हातांनीच आली. "नाक?"

"कोरडं."

"खोकला?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने सांगितलं.

तिने हात धुतले, चमचा आणि टॉर्च मागितला. मंदाचा घसा पाहिला, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. मी टोमण्याची वाट बघत होतो; तो आला नाही. "गाठी आल्यात. टॉन्सिलवर पांढरं आहे," ती हळूच म्हणाली. "नुसत्या डोळ्यांनी खात्री नाही देता येत. स्वल्प थांबा." रजेचा दिवस असूनही ती बसने दवाखान्यात गेली, काडी आणली, नमुना घेतला आणि पुन्हा बसने गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. "उगवला. स्ट्रेप्टोकोकस. माळेतल्या मण्यांसारखे एकाला एक चिकटून. हा जंतू, इंजिनियर. याला मात्र पेनिसिलिन कळतं." डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

चौथ्या दिवशी मंदा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून दिली. तुळजाक्काला ते कळलंच.

"ताप उतरला, पण जंतू गेला असं कुणी सांगितलं तुम्हाला? अर्धवट सोडलंत आणि तो राहिला, तर पुढे सांधे धरतात. मग काळीज."

"अक्का, तिचा बाप मी आहे," मी म्हणालो. "स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांच्या मुलांवर हक्क सांगू नका."

बोललो आणि उत्तराची वाट पाहत राहिलो. तिच्याजवळ नेहमी उत्तर असे. तिने पदर सारखा केला आणि ती निघून गेली. एवढे महिने मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि मला मान वर करवेना. कुसुमने कपाटातून बाटली काढली, माझ्यादेखत मंदाला गोळी दिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रविवारी एवढंच म्हणाली, "आधी त्यांच्याकडे जाऊन या."

गेलो. तिची वहिनी म्हणाली, "रविवारी ती घरात कुठली? दवाखान्यात."

प्रयोगशाळेला कुलूप होतं. एका नर्सने मुलांच्या वॉर्डकडे बोट दाखवलं. शेवटच्या खाटेवर एक नऊ-दहा वर्षांची मुलगी तीन उशांना टेकून बसली होती. आनेकलकडच्या खेड्यातली, नर्स म्हणाली. गेल्या वर्षी घसा दुखला, तो कुणी मनावर घेतला नाही. आता काळजाची झडप गेलीय. आई शेतमजुरीला जाते, महिन्यातून एकदा बसने येते. बाकीच्या रविवारी अक्का.

खाटेवर ठेवलेल्या पाटावर खडूने चौकाबाराचा पट आखला होता. तुळजाक्का कवड्या टाकत होती. तिची सोंगटी घरात जायला एकच दान हवं होतं, पडलंही. तिने मुलीकडे पाहिलं आणि दान चुकीचं मोजून सोंगटी भलत्याच घरात नेऊन ठेवली. मुलीने ती लगेच मारली आणि हसू लागली. हसताना तिला धाप लागली. तुळजाक्का तिचा हात हातात धरून, धाप बसेपर्यंत थांबली.

मी जवळ गेलो. "अक्का, मंदाच्या गोळ्या चालू आहेत. मी परवा जे बोललो..."

"सरी, असू दे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने खाटेवर थोडी जागा केली. "बसा. कवड्या घ्या. आणि हे बघा, जिंकायचं नाही."