मेलेल्या झाडांचा एक भाग

देवानंदराव तायडे यांनी दूरचित्रवाणीवरील ‘आपली कुंडी, आपली बाग’ या कार्यक्रमाला पाठवलेला अभिप्राय फुलस्केपची दोन पाने भरून होता. पुढच्या भागांत कोणते विषय पाहायला आवडतील, एवढेच निवेदिकेने प्रेक्षकांना विचारले होते. इतरांनी ‘गुलाब’ किंवा ‘ऑर्किड’ असे एका शब्दात कळवले. देवानंदरावांची चौतीस वर्षे तिवसा आणि अमरावती इथल्या सरकारी कचेऱ्यांत गेली होती. एका शब्दात कळवण्याची त्यांना सवय नव्हती.

“गेल्या अठ्ठावीस भागांत आपल्या कार्यक्रमात एकही झाड मेलेले नाही,” त्यांनी लिहिले होते. “ही बाब वस्तुस्थितीस धरून नाही. आपले तज्ज्ञ प्रत्येक झाडास भरपूर सूर्यप्रकाश द्यावयास सांगतात. अकोल्यात तो कमी कसा करावा, यावर एक भाग असावा. बाल्कनीतील कारंजे दोनदा दाखवून झाले आहे. आमच्या गच्चीवर सतरा झाडे मृत असून ती कशाने मेली, हे कोणी तरी येऊन पाहावे, ही विनंती.”

शेवटचे वाक्य खरे होते. बाकीची दोन पाने त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी होती. निवृत्तीनंतर पत्नीचे माहेर जवळ म्हणून त्यांनी अकोल्याच्या नव्या वस्तीत घर बांधले आणि उरलेले आयुष्य गच्चीवरच्या बागेला द्यायचे ठरवले. नळ चार दिवसांतून एकदा येई, ते पाणी पिण्यापुरते. म्हणून बोअरच्या पाण्याच्या बादल्या ते सकाळ-संध्याकाळ स्वतः वर चढवत. दोन वर्षांत मोगरा गेला, जास्वंद गेली, तीन गुलाब गेले. कढीपत्ता तर साधनाबाईंच्या मते त्यांना नुसते पाहूनच वाळला.

“तुमच्या हातात झाड जगतच नाई,” त्या म्हणत. “माह्या बापानं नुसता खुट्टा रोवला त पालवी फुटे.”

हे वाक्य त्या दिवसातून दोनदा, कसलाही राग न धरता म्हणत. त्यामुळे देवानंदरावांना ते अधिक खरे वाटे. दोष आपल्या हाताचा आहे की आणखी कशाचा, एवढेच त्यांना मरण्यापूर्वी कोणा जाणकाराकडून ऐकायचे होते. यासाठी त्यांनी एकही मेलेले झाड फेकले नव्हते. सतरा कुंड्या मृत्यूच्या क्रमाने कठड्याशी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी बांधली होती. मातीवर पांढरा पापुद्रा धरला होता, तो भिंतीचा चुना झडला असावा असे समजून त्यांनी तसाच राहू दिला होता.

पंधरा दिवसांनी निवेदिकेचा फोन आला.

“काका, मी दीपमाला बोलतेय. सातशे अभिप्राय आले. चारशे लोकांना फुलं मोठी कशी करायची ते हवंय. दीडशे जणांना माझ्या साड्या कुठून घेते ते हवंय. एका आजोबांनी बाग बंद करून हवामान दाखवा म्हटलंय. मेलेलं झाड मागणारे तुम्ही एकटेच!”

“मंग?”

“मग काय! तज्ज्ञांना घेऊन गुरुवारी आम्ही येतोय. झाडांना हात लावू नका हं. आहेत तशीच राहू द्या.”

देवानंदरावांनी फोन खाली ठेवला, तेव्हा त्यांचे डोळे ओलावले होते. साधनाबाईंचे कोरडे होते.

“टीव्हीवाले आपल्या घरी येऊन राहिले, अन् तुमी त्याइले मढे दाखवता? आख्खी दुनिया पाहीन. माह्या माहेरचे पाहतीन!”

“त्यासाठीच तर येऊन राहिले ते.”

“पाहुना कायच्यासाठी बी येवो. घर साफ असाले पायजे.”

यावर वाद झाला नाही, हीच देवानंदरावांची चूक. गुरुवारी सकाळी ते मंडळींना आणायला स्टेशनवर गेले. गाडी अडीच तास उशिरा होती. ते फलाटावर बसून तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न मनात घोकत होते, त्या वेळी वस्तीत घंटागाडी शिरली आणि साधनाबाईंनी सतराही झाडे मुळामातीसकट तिच्यात रिकामी केली. पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ ललित आला. मूर्तिजापूर रोडवर त्याची नर्सरी होती. बहिणीच्या एका फोनवर तो मालवाहू टेम्पोत चाळीस हिरव्यागार कुंड्या घालून आला होता.

मंडळी गच्चीवर पोहोचली तेव्हा समोर झेंडू, शेवंती, पपनस, कुंडीत लिंबे लागलेले लिंबूसुद्धा होते. देवानंदराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

“तायडेसाहेब,” तज्ज्ञांनी हळू विचारले, “मेलेली कुठली?”

“मेलेली?” साधनाबाई म्हणाल्या. “आमच्याकडं काई मरत नाई, सर. तुमी चहा घ्या आदी.”

देवानंदरावांनी पत्नीकडे पाहिले, मग ललितकडे. ललित लिंबाची पाने फडक्याने पुसत होता.

“कुठी हायेत?”

“घंटागाडीत,” ललित म्हणाला. “पन भाऊजी, पोट्ट्याइनं आता कॅमेरा लावला. चिडू नका.”

देवानंदरावांनी स्कूटर काढली. घंटागाडी त्यांना चौथ्या गल्लीत सापडली. तिच्या भोंग्यावर स्वच्छतेचे गाणे चालू होते आणि त्यावर आपला आवाज चढवून त्यांना आपले म्हणणे सांगावे लागले.

“झाडं पायजे? मेलेली?” गाडीवाला म्हणाला. “काका, लोकं पोथ्या फेकून मंग शोधाले येते, दागिने शोधाले येते. तुमी पयलेच.”

“सतरा हायेत. चिठ्ठ्या बांधेल हायेत.”

“आता काय चिठ्ठ्या वाचता? वरतून पन्नास घरचा कचरा पडला. घ्या, हात घाला.”

अर्ध्या तासाने त्यांच्या हाती एक काडी लागली. ती कढीपत्त्याची असावी. मुळांना मातीचा कण नव्हता, भाताची शिते होती.

ते परतले तेव्हा चित्रीकरण संपत आले होते. कॅमेऱ्यासमोर लिंबाच्या शेजारी खुर्ची टाकून साधनाबाई बसल्या होत्या.

“साधनाताई, एवढ्या उन्हात ही किमया कशी केलीत?” दीपमालाने विचारले.

“प्रेमानं,” साधनाबाई म्हणाल्या.

“आणि पाणी कुठलं देता?” तज्ज्ञांनी विचारले. “मुद्दाम विचारतो. इकडे ते फार महत्त्वाचं असतं.”

परक्या माणसापुढे घरात नळाच्या पाण्याची टंचाई आहे, हे सांगणे साधनाबाईंच्या संस्कारात बसत नव्हते. “नळाचंच,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं पान्याची कमी नाई.”

“सर, बोअर...” देवानंदराव जिन्यातून म्हणाले.

“काका, फ्रेममध्ये येताय,” कॅमेरामन म्हणाला.

सामान आवरताना तज्ज्ञांनी ती काडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. ते सज्जन होते. “माती असती तर सांगता आलं असतं,” ते म्हणाले. “नुसत्या काडीवरून कसं सांगू?” साडेपाचच्या गाडीने ते गेले. सहा वाजता ललित कुंड्या घेऊन गेला. गच्चीवर चाळीस ओली वर्तुळे राहिली, तीही पंधरा मिनिटांत वाळली.

भाग रविवारी दाखवला गेला. ‘वऱ्हाडातली हिरवी किमया’ असे त्याचे नाव होते. देवानंदराव त्यात तीन सेकंद दिसले, हातात काडी घेतलेले. पडद्यावर साधनाताईंशी संपर्कासाठी जो क्रमांक झळकला, तो अभिप्रायाखाली लिहिलेला, म्हणजे देवानंदरावांचा होता.

तेव्हापासून त्यांना दुसरे काम उरले नाही. ताई आहेत का, शेवंतीला खत कोणते, मुलीच्या लग्नात स्टेजवर कोणती कुंडी ठेवावी, अशी विचारणा ते शांतपणे टिपून घेत आणि साधनाबाईंची उत्तरे कळवत. उत्तर बहुधा ‘प्रेमानं’ हेच असे. साधनाबाई महिला मंडळांतून मार्गदर्शन करू लागल्या. त्या अशाच एका कार्यक्रमाला गेल्या असताना दर्यापूरजवळच्या एका खेड्यातून पार्बताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा फोन आला.

“ताई हायेत काय?”

“भायेर गेल्या. सांगा, मी लिवून घेतो.”

“माह्या अंगनात काईच जगत नाई, भाऊ. मातीवर पांढरं येते अन् पानाच्या कडा जयतात. मंग झाड बसते.”

देवानंदरावांचा पेन थांबला. “पांढरं? पापुद्र्यासारखं?”

“हो ना. मीठ ते. आमचा खारपानपट्टा हाये ना. जमिनीतलं पानीच खारं. बोअरच्या पान्यानं झाड मरतेच, हे लहान पोराले बी मालूम असते इकडं. म्हून इचारून राहिली, ताईच्या घरी नळ हाये, मले नळ नाई. म्या काय करू?”

देवानंदरावांनी टिपणाच्या कागदावर हिशेब मांडला. दोन वर्षे, रोज दहा बादल्या, जिन्याच्या बावीस पायऱ्या. ज्या झाडाची पाने पिवळी पडत, त्याला ते एक बादली जास्त देत.

“भाऊ, फोन कटला काय?”

“नाई, बाई. ऐका. ते टीव्हीतलं खोटं होतं. कुंड्या नर्सरीतल्या होत्या. आमचं सारं मेलं. सतरा. म्या बी बोअरचंच पानी देत होतो.”

पलीकडून एक मोठा, समाधानाचा श्वास ऐकू आला.

“मंग बरं,” पार्बताबाई म्हणाल्या. “म्या रात्रभर इचार करून राहिली होती का ह्या बाईत असं काय हाये, जे माह्यात नाई.”

पुढे त्या दोघांनी पाऊण तास कोणते झाड कसे गेले, हे एकमेकांना सांगितले.

साधनाबाई परतल्या तेव्हा त्यांच्या हातात सत्काराचे गुच्छ होते. “कोनाचा फोन होता इतका वेळ?”

त्यांना खरे सांगायचे झाले असते, तर अख्ख्या विदर्भाने ऐकलेले ‘नळाचंच’ हे वाक्य खोडावे लागले असते. देवानंदरावांनी तो विचार केला आणि सोडून दिला.

“एका प्रेक्षकाचा,” ते म्हणाले. “आयकतं का? उद्या नळ येईन तवा दोन बकेटा जास्त भरजो. एक मोगरा आनतो म्हनतो.”

साधनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत आता अनुभवी मार्गदर्शकाची करुणा होती.

“आना,” त्या म्हणाल्या. “पन लावीन मी. तुमी त्याले हात नोका लावू.”