नरहररावांचा दिवाळसण आणि पाठीचा पट्टा

जालन्याहून आष्टीला जायचं तर परतूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बैलगाडी, अशा त्या निजामी दिवसांतली गोष्ट. जालन्याच्या कचेरीतले कारकून नरहरराव यांनी ठरवलं, की पहिल्या दिवाळसणाला सासरी ताठ उभं राहायचं. बिचाऱ्यांनी एवढंच ठरवलं होतं.

त्यांच्या पाठीचा कणा लहानपणापासून डावीकडे झुकलेला. मुलगी पाहायला गेले तेव्हा तो त्यांनी उपरण्याखाली झाकला होता. पण उपरण्याच्या भरवशावर संसार किती दिवस करणार? म्हणून ते थेट हैदराबादच्या डॉक्टरकडं गेले.

"मियाँ, उमर हो गई. हड्डी अब सीधी नै होती. पट्टे से दर्द कम होता, बस," डॉक्टर म्हणाले. नरहररावांनी पट्टा घेतला आणि बाकीचं विसरून गेले.

पट्टा म्हणजे काखेपासून कमरेखालपर्यंत जाड कातडं, आत पोलादी पट्ट्या आणि बंद पाठीमागं. निघायच्या दिवशी ओळखीच्या कंपाउंडरनं पाठीला गुडघा लावून ते आवळले. वर कोट चढवल्यावर आरशात एखादा ठाणेदार दिसू लागला (फक्त श्वास घेता येत नव्हता).

रेल्वेत उभ्यानं आणि बैलगाडीत आडवं पडून ते आष्टीला पोचले. सासरे वामनराव दारातच उभे होते. नमस्कार करायला नरहररावांनी जोर लावला, पण कंबर हलेना. त्यांनी उभ्याउभ्याच हात जोडले. वामनरावांचा चेहरा उतरला. पुढं पानं वाढली, पाटाभोवती रांगोळी, वाटीत बासुंदी. आणि जावई पाटाजवळ खांबासारखे उभे.

"बसा की, जावईबापू."

"राहू द्या. उभाच बरा हाये."

सासूबाई रमाबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, रुसले! दिवाळसणाचा जावई रुसायचाच. कायतरी द्या, जल्दी!"

अंगठी आली. नरहररावांना ती फार आवडली, तरी म्हणाले, "नको." घड्याळ आलं. तेही नको. खरं सांगावं तर पाठ उघडी पडते, न सांगावं तर सासरा नागवला जातो. ते नुसता घाम पुसत राहिले.

शेवटी वामनराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मंग माझी घोडी न्या." त्या घोडीला ते स्वतःच्या हातानं चारा घालत. दाराआड नव्या नवरीचे, शरयूचे हुंदके ऐकू आले.

"घोडी तर बिलकुल नको!" नरहरराव ओरडले.

याला घोडीहून मोठं काहीतरी हवंय, असा अर्थ घरानं घेतला. वामनरावांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि जावयाच्या पायांवर ठेवायला वाकले.

हे मात्र नरहररावांना बघवेना. "आबा, हे काय करून राह्यले तुम्ही!" म्हणत ते झेपावले. काडकन बंद तुटले, कोटाची बटणं बासुंदीत पडली आणि सासरे-जावई दोघंही रांगोळीत आडवे झाले. पट्टा कोटातून बाहेर आला.

नरहररावांनी खालच्या मानेनं सगळं सांगून टाकलं. वामनराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अहो, तुमची पाठ आम्ही पहिल्याच दिवशी पाह्यल्ती. शरयू म्हणली, माणूस चांगला हाये, पाठीचं काय घेऊन बसलात! म्हणून तर लग्नात मी फोटोवाल्याला हळूच सांगितलं, कॅमेरा जरा तिरपा धर."

नरहररावांना अगदी भरून आलं. असं सांभाळून घेणारी माणसं आता कुठं भेटतात?

तो फोटो अजून आष्टीच्या भिंतीवर आहे. त्यात नरहरराव एकटे ताठ. मांडव, भटजी, सासरे आणि नवरी सगळे कललेले. घरी येणारा प्रत्येक नवा पाहुणा म्हणतो, "फोटो वाकडा लागलाय हो," आणि उठून सरळ लावलेली चौकट तिरपी करून 'नीट' करतो. मग मांडवासकट सगळं वऱ्हाड सरळ होतं आणि नरहरराव तेवढे डावीकडे झुकतात.