काचेतली गिटार

“बघा, ताईच्या ह्यांनी गिटार घेतली. साठ वर्षांपूर्वीची आहे म्हणे!” बायकोने फोन चष्मेवाल्याच्या ताटाशेजारी ठेवला. फोटोत साडू डोळे मिटून, मान कलती करून मधाच्या रंगाची गिटार वाजवत होते.

“साठ वर्षांपूर्वीचं आपल्याकडेही आहे,” चष्मेवाला म्हणाला.

“काय?”

“शिलाई मशीन.”

बायको हसली नाही. “असल्या वस्तूचं मोल कळायला कान लागतो, असं ताई म्हणत होती,” एवढं बोलून ती भांडी उचलू लागली.

चष्मेवाल्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. साडूंनी निळी गाडी घेतली, तेव्हा गाडी परवडेना म्हणून त्याने घराचं दार निळं रंगवून घेतलं होतं. मागच्या वर्षी साडूंनी पाच किलो वजन उतरवलं, तर याने हट्टाला पेटून दहा उतरवलं. पँटी मात्र जुन्याच राहिल्या. कॉलेजात असताना आपणही गिटारवर तीन कॉर्ड शिकलो होतो, हे त्याला आठवलं. दोन अजून येत होत्या. शनिवारी दुपारीच चष्म्याचं दुकान बंद करून तो जुन्या, दुर्मीळ गिटारींच्या दुकानात जाऊन धडकला.

भिंतीवर गिटारी टांगलेल्या होत्या. एकेकीच्या किमतीत छोटंसं घर आलं असतं. दुकानदाराने त्याला उंच स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, “आधी बेल्ट काढा. बकल पाठीला घासतं.”

“घासू दे हो, मला सवय आहे.”

“तुमच्या नव्हे, गिटारच्या पाठीला.”

बेल्ट काउंटरमागच्या खुंटीवर गेला आणि मधाच्या रंगाची एक गिटार मांडीवर आली. चष्मेवाल्याने आपल्या दोन्ही कॉर्ड वाजवल्या. दोनदा वाजवल्या. आता निघावं म्हणून तो अर्धवट उठला, पण पँट काही त्याच्याबरोबर उठली नाही. ती सरळ गुडघ्यांकडे निघाली. तो धपकन खाली बसला. समोर दुकानभर काच, काचेपलीकडे वाहता रस्ता. हातात घराएवढी गिटार. ती दोन्ही हातांनी धरायची, तर पँट ओढायला तिसरा हात कुठून आणायचा?

“दुसरी दाखवा,” तो घाईने म्हणाला. दुकानदार पाठमोरा होईल, अशी त्याची आशा. पण दुकानदार मुरलेला. एका हाताने जुनी उचलायच्या आत दुसऱ्या हाताने नवी मांडीवर ठेवायचा. अशा पाच झाल्या. प्रत्येकीवर त्याच दोन कॉर्ड वाजवून चष्मेवाला घाम पुसत मान हलवायचा.

“हिच्यात काय कमी वाटलं, साहेब?”

“मन भरत नाही. ती पहिलीच द्या परत.”

पहिली परत मांडीवर आली. दुकानदाराच्या नजरेत आदर दिसू लागला. हा मोठा जाणकार दिसतो! चष्मेवाल्याने मग जिवावर उदार होऊन कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. “आणि ती?”

“ती? तिची किल्ली वर असते. थांबा, तुमच्यासाठी आणतो.”

दुकानदार जिना चढला. चष्मेवाला पँटेकडे हात नेणार, तोच दार उघडलं आणि आत आले साक्षात साडू!

“अहो, तुम्ही इथे?” साडूंचा चेहरा पांढरा पडला.

जिन्यावरून दुकानदार ओरडला, “या या, शनिवारचे साहेब! आज तुमची नेहमीची गिटार ह्यांच्याकडे आहे. फोटो काढायला जरा थांबावं लागेल!”

चष्मेवाल्याने मांडीवर पाहिलं. मधाचा रंग. “म्हणजे घेतली नाहीत?”

“घेतली असं मी कुठं म्हणालो?” साडू पुटपुटले. “ही म्हणाली. मी फक्त नाही म्हणालो नाही.”

“मग धरा, तुमचीच आहे ती!” म्हणत चष्मेवाल्याने गिटार त्यांच्या हातात कोंबली. साडूंनी शरमेने पाठ फिरवली आणि ते रस्त्याकडच्या काचेसमोर आड येऊन उभे राहिले. दुकानदार किल्ली घेऊन खाली आला होता आणि पाठमोरा होऊन कपाटाच्या कुलपाशी झटत होता. तेवढ्यात पँट वर आली. चष्मेवाल्याने ती कोपराखाली घट्ट दाबली आणि चेहरा गंभीर केला.

काचेतली गिटार त्याच्या मांडीवर आली. त्याने पुन्हा दोन कॉर्ड वाजवल्या, थोडा विचार केला आणि म्हणाला, “छान आहे. पण नको.” मग बेल्ट मागून घेतला.

बाहेर साडू मागून धावत आले. “साडूभाऊ, सहा शनिवार मी येतोय. मला कधी कपाटाला हात लावू दिला नाही त्याने. तुम्ही केलंत तरी काय?”

साडू आपल्याला काहीतरी विचारताहेत! चष्मेवाल्याने हे सुख सावकाश चघळलं. “काही नाही हो. नुसतं जागचं उठायचं नाही.”

साडूंनी ते फारच मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी ते सकाळपासून त्या स्टुलावर ठाण मांडून बसले. आणि समोरच्या बसस्टॉपवर उभा राहून चष्मेवाला, दुकानदार साडूंसाठीही किल्ली आणायला जिना चढतो की काय हे बघत, एकामागून एक बस सोडत राहिला.