अठ्ठेचाळीस साबण आणि चौदा ताटल्या

तुमच्या घरात या घडीला अंगाच्या साबणाच्या किती वड्या आहेत, सांगाल का? दोन? तीन? मग तुमच्या घरी सगळं ठीक चाललं आहे. माझ्याकडे अठ्ठेचाळीस होत्या.

मी काही उधळी बाई नाही. (आमच्या ह्यांना विचारू नका.) घरात माणसं तीन. मी, आमचे हे म्हणजे शिवप्रसाद, आणि बिदरला बी.एड. करणारी, सध्या सुट्टीला आलेली स्नेहा. झालं एवढंच, की एक दिवस हे पाहुण्यांना चहाला घेऊन आले आणि माझा साखरेचा डबा रिकामा. पाहुणे भले. 'आम्हाला तशी शुगरच आहे' म्हणाले. दोघांनाही. एकदम.

त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे आपल्या घरात काहीही संपू द्यायचं नाही. मोबाईलवर एक बाई दिसायची. कूपनं कापून कापून तिनं अख्खी खोली सामानानं भरली होती. त्या खोलीच्या दारात ती ज्या समाधानानं उभी राहायची, तसं मला एकदा उभं राहायचं होतं.

तेवढ्यात हुमनाबादला नवं मोठं दुकान निघालं आणि पेपरातून त्याच्या कूपनांचं पान आलं. एका पानावर एक वेळची खरेदी. मग मी आमच्या हळ्ळीखेडमधली पानं गोळा केली. हॉटेलातून, कटिंगच्या दुकानातून, शेजारच्या बसव्वाकडून. बसव्वानं तिच्या पानावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. ते कूपन दुकानातल्या मुलीनं शिंकत शिंकत घेतलं, पण घेतलं.

सामान आणायला टेंपो करावा लागला. पंचवीस किलो साखर, पोतंभर रवा, साबण, धुण्याची पावडर. पावडरच्या प्रत्येक पिशवीवर स्टीलची ताटली फुकट, अशा चौदा ताटल्या झाल्या. रव्यावर हळदीकुंकवाच्या पुड्या फुकट. स्वयंपाकघरात जागा उरली नाही म्हणून मी सगळं पुढच्या खोलीत रचलं, वर नवी चादर घातली आणि दारात उभी राहिले. समाधान वाटलं. साधारण पाच मिनिटं.

बसव्वा आली. चादरीचं टोक उचलून बघितलं.

"अक्का, साखर किती?"

"पंचवीस किलो."

"आन् ताटल्या?"

"पावडरवर फुकट मिळाल्या."

"हं," बसव्वा म्हणाली. मग स्नेहाकडे बघून हसली आणि जाताना तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या भागात लग्न ठरलं, तरी साखरपुडा होईपर्यंत कुणी कबूल करत नाही. नजर लागते म्हणून. सामान भरायचं आणि विचारलं की 'न्हाई' म्हणायचं. त्यामुळे ज्या घरात सामान आहे आणि जी बाई 'न्हाई' म्हणते, तिथे लग्न ठरलेलंच असतं.

तिसऱ्या दिवशी मंठाळहून राजूअक्का आल्या. ह्यांची एकुलती एक थोरली बहीण. आमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत त्यांच्या यजमानांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलं गेलं, म्हणून तीन वर्षं त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. नागपंचमीला बहिणी माहेरी येतात, म्हणून त्या तिन्ही पंचमींना हे उगाच स्टँडवर जाऊन मंठाळची गाडी बघून यायचे. गेल्या पंचमीला कुठे बोलणं सुरू झालं होतं.

"पाणी घ्या, अक्का."

"पाणी ऱ्हाऊ दे. पोरगी कुठं दिलीस ते सांग."

"कुठंच न्हाई दिली."

"बघ, अजून न्हाईच म्हणायलीस. मी माझ्या धनराजला पोरगी बघायले, तर आधी तुला फोन करते का न्हाई?"

"अक्का, हे सगळं कूपनावर आणलंय."

"कूपनावर कुणी हळदीकुंकू आणतं व्हय?" त्यांनी चादर ओढली. "आन् हे साबण?"

"अंघोळीला."

"तीन माणसाला? किती मळता गं तुम्ही?"

"आत्या, शप्पथ, माझं लग्न न्हाई," स्नेहा म्हणाली.

"तुला कोण आधी सांगायलंय."

एवढ्यात हे आले. राजूअक्कांनी ह्यांना गाठलं. "शिवा, तू सांग. कधी ठरलं हे?"

"मला काय इचारतीस, अक्का," हे चपला काढत म्हणाले. "टेंपो दारात आल्यावर मला कळालं."

राजूअक्कांनी पदर डोळ्याला लावला. "बापाला टेंपो आल्यावर कळायलं. मग मला कोण सांगणार." आणि पिशवी उचलून चारच्या गाडीला निघाल्या.

ह्यांचा चेहरा बघितला आणि मला पुढच्या तीन पंचमी दिसल्या. मी दार अडवलं.

"अक्का, लग्नाचं सामान लग्नाआधी कुणी वाटतं का?"

"खुळी हाय का. हातबी लावू देत न्हाईत."

"मग हे घ्या." मी एका पोत्यात दहा किलो साखर ओतली.

राजूअक्कांनी पिशवी खाली ठेवली. "ताटल्या?"

सात ताटल्या दिल्या.

"हळदीकुंकू?"

सगळं दिलं. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

"साबण?"

इथे माझा हात अडखळला. (काही काही वड्या चंदनाच्या होत्या.)

"थांबलीस," राजूअक्का म्हणाल्या.

चोवीस वड्या दिल्या. उरलेलं बसव्वाला दिलं. ती पहिल्यापासून विरजण मागायला म्हणून दारात उभी होती. शेवटची पावडरची पिशवी बाहेर गेली, तेव्हा राजूअक्कांनी पाणी घेतलं.

"आधीच सांगायचं न्हाई का, लग्न न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या.

मग चहा झाला. साखर त्यांच्या पोत्यातून घेतली. पोतं खांद्यावर घेऊन हे बहिणीला गाडीत बसवायला गेले, आणि जाताना शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्टँडवरून पेपर घेऊन आले. मंठाळचा एक माणूस भेटला म्हणाले. तिकडे धनराजचं लग्न ठरल्याची बोलवा होती, कारण काल सांजेला राजूअक्का गाडीतून पोतंभर सामान उतरवत होत्या, ताटल्या आणि हळदीकुंकवासकट. मी तडक मंठाळला फोन लावला आणि विचारलं, एवढं लेकाचं लग्न ठरलं, आम्हाला कामून सांगितलं न्हाई.