बैठकीची चार भोकं आणि बार्शीचा मामा

एकचाकी सायकलची बैठक ड्रिल मशीन पाहून रडायला लागली, तेव्हा वर्कशॉपवाल्या इस्माईलचाचा शिकलगारांनी मशीनचा स्विच बंद केला आणि तिच्या वयाची चौकशी केली.

"अकरा दिवस," हेमलता गुळवणी म्हणाल्या.

बैठक त्यांनीच घरी बनवली होती. कार्बन फायबरच्या कापडाचे सहा थर, मध्ये रेझिन, आणि वरून साचा घट्ट आवळलेला. एकावन्न वर्षांच्या हेमलताबाई कराडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. येत्या रविवारी त्यांना एका चाकावरून पाटणपर्यंत जायचं होतं. जुनी बैठक मोडली होती. नवी दांड्यावर बसवायला चार भोकं हवी होती.

"चाचा, कडा उसवू नयेत म्हणून मी पट्टी चिकटवून आणलीय."

"पट्टीचं ठीक आहे. पण हुंदके देणारी वस्तू हलते. ऐन वेळी हलली आणि थर सुटले, तर पुन्हा बसत नाहीत. कान टोचताना पोर कुणाच्या मांडीवर असतं?"

"मामाच्या."

"मग मामाला बोलवा."

हेमलताबाईंचा धाकटा भाऊ रघुवीर याचं बार्शीला औषधांचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी एका लग्नात तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ताई, या वयात एका चाकावर फिरतेस, लोक हसतात." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"मामाऐवजी शेजारी चालतील?"

"तिलाच विचारा."

बैठक हुंदका आवरत म्हणाली, "मामाच हवा."

हेमलताबाईंनी तिथूनच फोन लावला.

"ताई?"

"माझ्या सायकलच्या बैठकीला भोकं पाडायची आहेत. ती रडतेय. तू तिचा मामा लागतोस."

रघुवीरनं विचारलं, "किती भोकं?"

"चार."

"उद्या पहिल्या गाडीनं निघतो. पाट आहे का तिथे, की घेऊन येऊ?"

शुक्रवारी दुपारी तो पाट आणि गूळखोबरं घेऊन उतरला. थेट स्टुलावर बसला, मांडीवर पाट घेतला आणि पाटावर बैठक. चाचांनी पाट वाजवून पाहिला. खालून लाकडाचा आधार असला की भोकाची मागची बाजू फाटत नाही, म्हणाले. सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले. काळी भुकटी ओढायला हेमलताबाई व्हॅक्यूमची नळी धरून उभ्या राहिल्या.

"जोर लावू नका, चाचा."

"लावतच नाही. बिटाला आपणहून जाऊ द्यायचं."

आधी बारीक बिट, मग सहा मिलिमीटरचं. बैठक रडली, पण हलली नाही. रघुवीर तिच्यावर तळवा दाबून "झालं हं, झालं, शहाणी ती" असं म्हणत होता. चौथ्या भोकाला त्याचा मास्क ओला झाला.

"लोक हसतात असं मी म्हणालो होतो," तो भोकाकडे बघत म्हणाला. "खरं तर मलाच भीती वाटायची. तू पडशील म्हणून."

हेमलताबाईंनी व्हॅक्यूम बंद केला. "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

"मग तसंच म्हणायचं ना, गाढवा."

"भर लग्नात?"

चाचांनी भोकांच्या कडा बारीक कागदानं घासल्या आणि बैठकीवर गूळखोबरं ठेवलं. ती गप्प झाली.

रविवारी हेमलताबाई पाटणला पोचल्या. वाटेत दोनदा पडल्या. चाचांची स्कूटर घेऊन मागून येणारा रघुवीर दोन्ही वेळा लांबच थांबला आणि त्या पुन्हा चढेपर्यंत डोंगराकडे बघत राहिला.

मे महिन्यात बैठक पंधरा दिवस मामाकडे बार्शीला गेली. बोल्ट आणि वॉशर हेमलताबाईंनी वेगळ्या पुडीत दिले होते. तेवढे दिवस त्या सगळीकडे पायीच गेल्या. बैठक परत आली तेव्हा त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवली. चाळीस ग्रॅम वाढली होती.

त्यांनी लगेच बार्शीला फोन लावला. "रघू, काय खायला घालत होतास तिला?"