शरयूताईंचं मत

शरयूताई कुणाचंही कौतुक टक्क्यांत करतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पोहे घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पासष्ट टक्के."

मला वाटलं मीठ कमी पडलं.

"नाही गं, पोहे बिल्कुल छान आहेत. पण सकाळी खालच्या सरदारजींच्या गुलाबांना शंभर देऊन बसले. मग रेडिओवर एक बाई फार सुंदर बोलली, तिला ऐंशी. आता माझ्यात उरलंय किती, ते बघून द्यायला नको? उद्या ये. उद्यापर्यंत भरून येईल."

सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरींनी पाऊण तास भाषण केलं आणि खाली उतरून हौसेने विचारलं, "कैसा लगा, मैडम?" शरयूताई म्हणाल्या, "दो परसेंट." ते बिचारे अजून लोकांना विचारतात की दोन टक्के कशाचे.

शरयू भालेराव आमच्या वरच्या, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या सातारच्या. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्टेनो म्हणून दिल्लीला आल्या आणि मोठ्या साहेबांच्या पीए होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. गाझियाबादला हा फ्लॅट घेतला. मी त्याच कार्यालयात, पण त्यांच्या पुष्कळ मागून लागलेली.

निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्याने त्यांना एका ब्लॉकचेनवरच्या सोशल नेटवर्कवर खातं उघडून दिलं. दिसायला ते इतरांसारखंच, फक्त त्याला मालक नाही. लोक लिहितात, बाकीचे मत देतात. मतांच्या वजनाप्रमाणे लिहिणाऱ्याला टोकन, म्हणजे तिथलं चलन, मिळतात आणि मत देणाऱ्यालाही वाटा मिळतो. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचं मत वजनदार. शिवाय प्रत्येक मताला आपली ताकद खर्च होते आणि ती सावकाश भरून येते, म्हणून मत पूर्ण द्यायचं की टक्क्यांत, हे ठरवावं लागतं. शरयूताई या प्रकाराला 'साखळी' म्हणतात. "साखळीवर आहे, नंतर बोलू," म्हणून त्यांनी सख्ख्या बहिणीचा फोन ठेवलेला मी ऐकलाय.

तेव्हा तिथे एक नियम होता. लेख आल्यापासून पाच मिनिटांच्या आत मत दिलं, तर मत देणाऱ्याचा वाटा कापला जायचा. न वाचता धडाधड मतं देणाऱ्या यंत्रांना आळा बसावा म्हणून. शरयूताईंना हा नियम अतिशय आवडला. त्यांनी स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर बैठकीत आणून ठेवला. लेख उघडायचा, टायमर फिरवायचा, वाचायचं आणि घंटी वाजली की मत द्यायचं. एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा, आणि या आतून ओरडल्या, "भैया, दो मिनट चालीस सेकंड!" तो खरंच थांबला. तेवढा अधिकार त्यांच्या आवाजात अजून आहे.

मग पहिल्यांदा नियम बदलला. साखळीचे नियम तिथले निवडून आलेले पंच बदलतात, आणि पंच कोण हे ठरवतात ते ज्यांच्याकडे टोकनांचे ढीग आहेत ते. तिथे अशा लोकांना देवमासे म्हणतात. पंचांनी पाच मिनिटांची अट काढून टाकली. पहिल्या दिवसभरात केव्हाही मत द्या, वाटा सारखाच.

"चला, सुटलात," मी म्हटलं. "आता टायमर आत ठेवा."

"का? मला वाचायला तेवढा वेळ लागतोच ना," त्या म्हणाल्या. "मत आधी आणि वाचन मागून, हे आपल्याला जमणार नाही." टायमर वाजत राहिला.

याच सुमाराला त्यांना सरोज सापडली. पानिपतला परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांच्या गाठी येतात. ते कपडे रंगाप्रमाणे निवडायचे, बटणं-चेन काढायची, मग त्याचं पुन्हा सूत होतं आणि सुताच्या चादरी. सरोज अशा एका गोदामात कपडे निवडते आणि कोटांच्या खिशांत काय सापडलं ते साखळीवर हिंदीत लिहिते. एकदा दोरीने जोडलेले लहान मुलाचे दोन हातमोजे. एकदा न समजणाऱ्या लिपीतली बाजाराची यादी. सरोजने त्या यादीवर अंदाज बांधला होता की तिसरी ओळ नक्की मिठाची असणार, कारण ती सगळ्यात छोटी आहे आणि घाईत लिहिलीय.

"बघ, बघ हे," शरयूताई फोन माझ्या नाकापाशी धरायच्या. "मिठाची ओळ! कसं सुचतं गं हिला?" सरोजच्या लेखाला कायम शंभर टक्के. त्या दिवशी माझ्या पोह्यांना काही शिल्लक उरायचं नाही.

सरोजला मतं देणारे एकूण तीन-चार जण, त्यात वजन असलंच तर शरयूताईंचं. मिळायचं ते अगदी चिमूटभर, पण आकडा दिसायचा.

मग दुसऱ्यांदा नियम बदलला. काही लोक शेकडो खोटी खाती उघडून स्वतःलाच चिल्लर मतं देत होते. त्यांना रोखायला पंचांनी ठरवलं की ठरावीक वजनापेक्षा कमी मतं पडलेल्या लेखाला काहीच मिळणार नाही. खोटे किती रोखले गेले देव जाणे. सरोजच्या लेखाखाली मात्र शून्य आलं. पुढच्यालाही शून्य. तिसऱ्या शून्यानंतर सरोजने लिहिणं बंद केलं.

शरयूताईंनी पंचांना इंग्रजीत तीन पानी निवेदन पाठवलं. वर विषय, खाली संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक. 'सदर निर्णयाचा फेरविचार व्हावा ही विनंती.' कुठल्याशा देशातल्या एका पंचाने एका ओळीत उत्तर दिलं. वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला फक्त कचरा थांबवायचाय.

"कचरा!" शरयूताई माझ्या दारात येऊन कडाडल्या. "अगं, ती बाई दिवसभर कचराच निवडते! त्यातलं चांगलं कसं ओळखायचं ते तिलाच विचारा म्हणावं!"

त्यानंतरच्या आठवड्यात मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले. त्यांनी खाल्ली आणि म्हणाल्या, "छान."

नुसतं छान! मी घाबरलेच. "ताई, बरं नाही का?"

"बरी आहे." त्या बशीकडे बघत होत्या. "इतकी वर्षं डिक्टेशन घेतलं गं. साहेब बदलले, मी लिहून घेत राहिले. एकानेही कधी विचारलं नाही की शरयू, तुमचं काय मत? साखळीवर पहिल्यांदा माझं मत कुणीतरी मोजलं. आणि आता म्हणतात, ते इतकं छोटं आहे की धरता येत नाही."

मी बशी धुऊन ठेवली.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकावर, जाते. शरयूताई एरवी कधी येत नाहीत, थंडी सोसत नाही म्हणतात. यंदा सगळ्यांच्या आधी बसमध्ये येऊन बसल्या, दोन स्वेटर आणि मांडीवर तिळगुळाचा डबा. स्मारकापाशी त्यांनी फुलं वाहिली, हात जोडले. भाषणं सुरू होताच माझं कोपर धरलं. "चल. बस सुटायला दीड तास आहे."

सरोजच्या एका लेखातल्या फोटोत गोदामासमोरच्या चहावाल्याची पाटी दिसली होती. तेवढ्या पाटीवर आम्ही ई-रिक्षाने धुक्यातून चार गल्ल्या फिरलो आणि पाचवीत ती सापडली. समोरच्या गोदामात छताला टेकतील असे कपड्यांचे डोंगर. लाल कपड्यांच्या डोंगरापाशी एक चाळिशीची बाई मांडी घालून कात्रीने बटणं काढत होती. दोन स्वेटरमधल्या, चष्मा लावलेल्या, ताठ उभ्या बाईंना बघून ती घाईने उठली.

"लेबर ऑफिस से हैं, मैडम?"

"नहीं। मैं शरयू।"

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने कात्रीसकट हात तोंडावर नेला. "साखळी"वरची शरयू, असं मी समजावणार होते, पण त्याची गरजच पडली नाही.

लगेच आमच्यासाठी कोटांच्या गाठीवर शाल अंथरली गेली, चहा आला, तिळगुळ वाटले गेले. शरयूताईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. "लिखना क्यों बंद किया? पैसे के लिए?"

"पैसा तो पहले भी क्या था, मैडम." सरोज हसली. मग खाली बघत म्हणाली, "ज़ीरो आया तो मुझे लगा, आपने पढ़ना छोड़ दिया."

"मैं तो रोज़ देखती थी! हर बार वोट दिया!"

"वोट तो मशीनें भी देती हैं, मैडम. आपने कभी कुछ लिखा ही नहीं. एक लाइन भी नहीं."

खरंच होतं. इतक्या दिवसांत सरोजच्या एकाही लेखाखाली शरयूताईंनी अक्षर लिहिलेलं नव्हतं.

परतताना बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. शरयूताई खिडकीला टेकून म्हणाल्या, "निवेदन लिहिता येतं मला. उत्तर, स्मरणपत्र, सगळं येतं. पण एखाद्या माणसाला आपलं आपण काय लिहायचं असतं गं?"

"जे वाटलं ते."

"तेच तर कुणी सांगितलेलं नसतं," त्या म्हणाल्या.

सरोज पुन्हा लिहायला लागली. पहिला लेख एका लाल कोटावर होता, अस्तराच्या आत कुणीतरी आपलं नाव दोऱ्याने शिवून ठेवलेलं. त्याखाली आकडा शून्यच. पंच आपल्या नियमावर ठाम आहेत. पण शून्याच्या खाली शरयूताईंच्या दोन ओळी होत्या. 'पढ़ा। नाम वाला हिस्सा दो बार पढ़ा।' एवढ्यासाठी त्यांनी सकाळपासून अकरा कागद फाडले होते.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आमची बेल वाजली. दारात शरयूताई, हातात फोन, चेहरा गोंधळलेला.

"तिने उत्तर पाठवलंय. विचारतेय, 'दीदी, खाना खाया?'" त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं. "काय लिहू?"

"जेवला असाल तर 'हो' लिहा."

"नाही जेवले अजून. एकटीसाठी रोज कोण करत बसतं."

"मग या आत. माझ्याकडे भात आहे गरम."

त्यांनी जरा विचार केला, चप्पल काढली आणि आत आल्या. "पटकन वाढ," म्हणाल्या. "ती वाट बघत असेल."